पाणी जोखणारे लोपीस सर

लोपीस सरांच्या तोंडून कौतुकाचा एकच शब्द निघायचा. 'चालेल.' पोरगं धापा टाकत काठाला आलं, की सर आधी मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचे, मग पोराकडे, आणि म्हणायचे, "चालेल." एवढ्यावर ते पोर दिवसभर हवेत असायचं. आणि 'चालेल' नाही मिळालं, तर सर नुसतं म्हणायचे, "सुकेळं खा." वसईची बहीण येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर सुकेळी पाठवायची, वाळवलेली केळी हो, केळीच्याच सुक्या सोपात गुंडाळून. हरणाऱ्याला अंगात ताकद यावी म्हणून ती. मग काय, दोनचार लबाड पोरं मुद्दाम हळू पोहायची. सरांना हे कळायचं नाही असं मला बरीच वर्षं वाटत होतं. कळत होतं त्यांना. तरी द्यायचे.

बस्त्याव लोपीस हे पूर्ण नाव. नोकरी हॉस्पिटलच्या ऑफिसात कारकुनाची. राहायला बहरीनला आमच्याच इमारतीत, बाब अल बहरीनच्या कमानीमागच्या गल्लीत, आमच्या खालच्या मजल्यावर. एकटे. आम्ही सत्तरच्या दशकात तिथे गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं होतं, लग्न का नाही केलंत म्हणून. आम्ही रत्नागिरीची माणसं, पोटात काही ठेवत नाही. तर म्हणाले, "राहून गेलं हो टीचर." गिरणीतून दळण आणायचं राहून गेलं असं सांगावं ना, त्या सुरात. मी शाळेत हिंदी शिकवायचे, म्हणून सगळी इमारत मला टीचरच म्हणायची. माझ्या सासूबाईसुद्धा पत्रात एकदा 'टीचरबाई' लिहून गेल्या होत्या, पण तो टोमणा होता.

आपल्या लोकांच्या क्लबात पोहायचा तलाव होता. संध्याकाळी ऑफिस सुटलं की सर तिथे. मेंबरांच्या मुलांना शिकवायचे, फुकट. पांढरा इस्त्रीचा शर्ट, पँट घोट्याच्या वर दुमडलेली, पाय अनवाणी. शिट्टी कधी वापरली नाही. "मुलं काय ट्रॅफिक आहे का?" म्हणायचे. पाण्यात उतरायच्या आधी कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना हात लावून क्रूस करायचे, आणि मगच उतरायचे. घाई असली तरी.

आता मुख्य गोष्ट सांगते. मुंबईतलं एक कॉलेज होतं, चांगलं नावाजलेलं. पोहण्याच्या जोरावर ते आखातातल्या एका मुलाला किंवा मुलीला जागा द्यायचं, फी माफ करून. ती कुणाला द्यायची, ते बरीच वर्षं लोपीस सरांच्या शब्दावर ठरत होतं. कारण सर स्वतः त्याच कॉलेजातून, त्याच वाटेने आले होते. वसईच्या खाडीत पोहताना तिथल्या एका प्रोफेसरांनी त्यांना पाहिलं आणि उचललं. बाप केळीच्या वाडीत राबणारा, घरात शाळा पुरी केलेलं कोणी नाही. "होस्टेलात जागा नव्हती, तर गच्चीवर झोपलो," सर सांगायचे. "कोणी विचारलं नाही बाप काय करतो. माझं पाणी जोखलं, घर नाही जोखलं." हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकलं होतं की ते 'माझं' म्हणाले की आमचे हे माझ्याकडे बघून पुढचं ओठांत पुटपुटायचे. पण सरांच्या लेखी ते नुसतं वाक्य नव्हतं. त्यांचा सगळा माणूस त्यावर उभा होता.

मंदा गावडे ही आमच्या शाळेच्या बसच्या ड्रायव्हरची मुलगी. गावडे कुडाळकडचे. बायको एका बहरीनी घरी स्वयंपाकाला होती, त्यांनीच बुसैतीनला मागच्या आवारात दोन खोल्या दिल्या होत्या, समुद्र हाकेच्या अंतरावर. मंदा दहाबारा वर्षांची होईपर्यंत गावी आजीजवळ होती, मग इथे आली. माझ्या वर्गात होती. तशी मुखदुर्बळ, पण हसली की सगळं तोंड हसायचं.

एका शुक्रवारी आमची चारपाच घरं बुसैतीनच्या किनाऱ्यावर जमली होती. पोहे, थर्मासात चहा, पोरांचा कालवा. मंदा फ्रॉकवरच पाण्यात गेली. जाताना वाकली, ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं आणि मग आत शिरली. सर माझ्या शेजारी चहा पीत होते. कप तसाच वाळूत ठेवला आणि उभे राहिले. मला वाटलं कोणी बुडतंय.

"टीचर, ही कोण?"

"आमच्या गावडेंची मंदा. का?"

"विचारून जाते आत," सर म्हणाले. मग ती पोहायला लागली आणि सर बघत उभे राहिले. बऱ्याच वेळाने खाली बसले, गार झालेला चहा प्यायले आणि म्हणाले, "चालेल." तिला एकही धडा न देता! मी ह्यांना कोपर मारलं.

त्यानंतर सरांनी गावडेंना गाठलं. गावडे बिचारे बसच्या पायरीवर उभे राहून ऐकत होते. "सरांनू, माका काय कळता त्यातला? चेडू माशासारख्या पवता इतक्या म्हायत." सर म्हणाले, "गावडे, हिचं कॉलेज मी करतो. ते लोक पाणी जोखतात, घर नाही जोखत. माझा शब्द." गावडेंनी दोन्ही हात जोडले. त्या दिवसापासून मंदाचं कॉलेज हा त्या घराचा ध्यास झाला. नाहीतर बारावी झाली की तिला गावी पाठवायचं आणि स्थळं बघायची, हे ठरलेलंच होतं.

पण समुद्रात पोहणं वेगळं आणि तलावात वेगळं. तलावाला भिंत असते. टोकाला पोचलं की अंगाची गुंडाळी करून उलटायचं आणि दोन्ही पायांनी भिंतीला सणसणीत लाथ मारून सुटायचं. शर्यत तिथेच जिंकतात किंवा हरतात, असं सर सांगायचे. आणि मंदा क्लबात मेंबरच नाही, तर भिंत आणायची कुठून?

ती मिळाली हेमामुळे. हेमा म्हणजे कापडवाल्या शेटांची एकुलती एक. बाब अल बहरीनच्या कमानीजवळ शेटांचं भलंमोठं कापडाचं दुकान, आणि तलावाच्या फरशीपासून फिल्टरपर्यंत सगळ्याला पैसा त्यांचाच लागलेला. पोरगी गोड होती, खोटं कशाला बोलू? नियम असा की मेंबर पाहुणा आणू शकतो. हेमा मंदाला रोज पाहुणी म्हणून आत घ्यायची. स्वतःचा पोहायचा पोशाख, टोपी, सगळं दिलं. मंदा मराठीत बोलायची, हेमा इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघींची खिदीखिदी चालायची.

सरळ पोहताना मंदा हेमाच्या कितीतरी पुढे असायची. भिंतीशी आली की सगळं घालवायची. हात लावायची, थबकायची, वळायची, आणि मग निघायची. सरांनी पंधरा दिवस नाना तऱ्हांनी समजावलं. ऐकायची, मान हलवायची, पुन्हा तेच. शेवटी सरांनी मला बोलावलं. "टीचर, तुम्ही विचारा. माझ्याशी बोलत नाही ती."

मी काठावर बसून विचारलं. खाली बघूनच हळूच म्हणाली, "बाई, पाय कसो लावू? आजी मारील."

झालं होतं असं, की पोरगी पोहायला शिकली गावच्या विहिरीत, पाठीला सुका भोपळा बांधून. आणि विहिरीत आसरा असतात. पाण्यातल्या देवी. विहिरीच्या दगडाला पाय लावायचा नाही, लाथ तर मुळीच नाही, लाथ मारली की आसरा खाली ओढतात, हे आजीने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलेलं. आम्हा कोकणातल्या पोरींना सगळ्यांनाच सांगतात हे. मलाही सांगितलं होतं.

मी सरांना सांगितलं तेव्हा मला वाटलं हसतील. हसले नाहीत. गुडघ्यावर हात ठेवून मंदासमोर उकिडवे बसले. "आजीचं बरोबर आहे. विहिरीला लाथ मारायची नाही, कधीच नाही. पण ही विहीर नाही, बाळ. हा क्लब आहे. क्लबात आसरा नसतात, कमिटी असते. कमिटीला मार लाथ. मी सांगतो, मार."

मंदाचं सगळं तोंड हसलं. आणि तिने मारली.

कमिटीने ऐकलं की काय कोण जाणे, महिन्याभरात पाहुण्यांचा नियम बदलला. एकच पाहुणा वारंवार आणता येणार नाही. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. शेटांनी तर नाहीच. पण झालं ते झालं, आणि मंदाची भिंत गेली. तिकडे मे महिना आला आणि हेमा दरवर्षीप्रमाणे मुंबईला गेली. तिथे त्यांचा फ्लॅट होता. तिथला कोच, तिथल्या स्पर्धा, तिथली सर्टिफिकिटं. दर मेमध्ये जायची आणि आणखी वेगवान होऊन यायची. मेहनतही करायची पोरगी.

आता सरांचं डोकं बघा. शुक्रवारी सकाळी बुसैतीनला गेलो, तर सर छातीभर पाण्यात उभे. कुणाच्या तरी जुन्या कपाटाचं दार छातीशी धरलेलं, एक पाय मागे रोवलेला. मंदा लांबून पोहत येणार, उलटणार आणि त्या दाराला लाथ मारून परत जाणार. सरच भिंत! जाळी सोडवत बसलेले कोळी उठून उभे राहिले. एकजण चल, चल म्हणून ओरडला, "यल्ला, यल्ला!" दुसरा कपाळाला बोट लावून म्हणाला, "मजनून!" म्हणजे वेडा. सरांनी त्यालाही मान लववली.

पण मंदा पुन्हा अडली. लाथ मारली, की पुढे जायच्याऐवजी उलटी फिरायची, सरांच्या खांद्याला हात लावायची आणि तो कपाळाला न्यायची. गुरूला पाय लागला ना! प्रत्येक लाथेला एक नमस्कार. मी किनाऱ्यावर हसून हसून पडायची बाकी होते. सर मात्र गंभीर.

"मंदा, असं कर. सकाळी आलीस की एकदाच नमस्कार कर. दिवसभराच्या लाथांचा मिळून."

त्यांनी तो नमस्कार खरंच घेतला. पाण्यात, ताठ उभे राहून, डोळे मिटून. मग म्हणाले, "झाला हिशेब. आता मार." असे कितीतरी शुक्रवार गेले. ऑफिसात सर खुर्चीत बसताना कण्हायचे, असं त्यांच्या हॉस्पिटलातली नर्स मला सांगायची. मी विचारलं की म्हणायचे, "वय झालं."

कॉलेजच्या जिमखान्याचे प्रमुख मुंबईहून आले ते हिवाळ्यात. पूर्वी सरांच्या शब्दावर भागायचं. आता नवे प्रमुख, त्यांना स्वतः बघायचं होतं. उतरले शेटांकडे, जेवले शेटांकडे, फिरले शेटांच्या गाडीतून. दुसरीकडे कुठे उतरणार म्हणा, आमच्या दोन खोल्यांत?

चाचणीच्या दिवशी क्लब भरला होता. जागा एक, आणि ती मागणाऱ्या दोघी, मंदा आणि हेमा. गावडे बसच्या युनिफॉर्मातच आले होते आणि कुणी बसा म्हटलं तरी बसत नव्हते. मंदाने पाणी डोळ्यांना लावलं. पलीकडे सरांनी, ते काही पोहणार नव्हते, तरी क्रूस केला. आणि मग, काय सांगू तुम्हाला! भिंतीशी गेली, उलटली, आणि अशी लाथ हाणली की काठावरच्या बायकांच्या साड्या भिजल्या. पुन्हा गेली, पुन्हा हाणली. हेमा चांगली पोहली, जीव तोडून पोहली, पण मंदाने काठाला हात लावला तेव्हा ती बरीच मागे होती. पहिली टाळी हेमानेच वाजवली, पाण्यातूनच. शेट उठून आले आणि म्हणाले, "लोपीस साब, मान गए. क्या बच्ची है!" मनापासून म्हणाले. गावडे डोळे पुसत होते.

सर घड्याळाकडे बघत राहिले. 'चालेल' म्हणायचंही विसरले.

मग ऑफिसच्या खोलीत बोलावलं. गावडेंना, मंदाला, सरांना; आणि गावडेंना इंग्रजी येत नाही म्हणून मला. प्रमुख माणूस सभ्य होता, मराठीच निघाला. म्हणाला, "मुलगी उत्तम आहे. स्पर्धा कुठल्या केल्यात?"

सर म्हणाले, "इथे कुठल्या स्पर्धा? ही पहिलीच."

"हं. मुंबईत राहणार कुठे?"

गावडे माझ्याकडे बघायला लागले. "भाव आसा माझो लालबागाक. पण तेच्या खोलयेत पाय ठेवूक जागा नाय. बघूया, इंशाल्ला."

"होस्टेल मुलींचं नाही आमचं. आणि सराव पहाटे असतो. खाणंपिणं, येणंजाणं, मे महिन्यातली शिबिरं, हे सगळं घरच्यांना बघावं लागतं. पूर्वीचे दिवस वेगळे होते."

"वसईला माझी बहीण आहे," सर म्हणाले.

"वसईहून पहाटे कशी पोचणार, सर? तुम्हीच सांगा. एकच जागा आहे माझ्याकडे. मुलगी सहा महिन्यांत दमून परत गेली, तर मला जाब विचारतील. त्या दुसऱ्या मुलीचं घर आहे तिथे, कोच आहे, सर्टिफिकिटं आहेत. वेळही वाईट नाही तिची."

सर म्हणाले, "पण पाणी हिचं आहे."

"पाणी दिसलं मला, सर. पण ते टिकवायला घर लागतं."

मी त्या खोलीत होते, मी बघितलं. तो माणूस खोटं बोलत नव्हता, आणि तेच सरांना मारून गेलं. लबाडी असती तर ते भांडले असते. मला इतका संताप आला होता की मी म्हणाले, "मग एवढं लांब येऊन पोहायला कशाला लावलंत? घरंच बघून जायचं होतं." आमच्या शाळेच्या कमिटीवर शेट होते, पण तोंडातून गेलं ते गेलं. प्रमुखांनी खाली बघितलं.

बाहेर आल्यावर सरांनी मंदाच्या डोक्यावर हात ठेवला. "मी शब्द दिला होता," एवढंच म्हणाले. मंदाच त्यांना म्हणाली, "सर, ऱ्हवां दे." शेटांनी दुसऱ्या दिवशी तिला दुकानात बोलावून उंची रेशमाचं कापड दिलं, बक्षीस म्हणून. बारावी झाली आणि ती गावी गेली. कापड घेऊन गेली.

हेमा मुंबईला जाईपर्यंत सरांनी तिला शिकवलं. आधीइतकंच, कणभर कमी नाही. मी चिडून विचारलं तेव्हा म्हणाले, "तिची काय चूक, टीचर?" 'माझं पाणी जोखलं' मात्र पुन्हा कधी त्यांच्या तोंडून आलं नाही. आमच्या ह्यांनी एकदा मुद्दाम विषय काढून बघितला. सर म्हणाले, "आमटी छान झालीय," आणि ताटाकडे बघत जेवत राहिले. फार वाईट वाटलं मला.

पुढच्या मेमध्ये हेमा सुट्टीला आली. मी क्लबात होते. धावत आली, सरांच्या गळ्यात पडली. सरांनी विचारलं, "टाइम किती आला?"

"अंकल, आय गेव्ह इट अप!" ती हसत म्हणाली. पहाटेचा सराव, त्यावर लेक्चर्स, कोण करणार? पहिल्या टर्मलाच सोडलं. "ॲडमिशन तर झालंय ना, अंकल."

सरांनी तिचे केस विस्कटले. मग विचारलं, "म्हणजे टीममध्ये जागा रिकामी आहे?"

"असेल," ती म्हणाली, आणि मैत्रिणींकडे पळाली.

त्याच आठवड्यात आमचं बहरीन संपलं. ह्यांच्या कंपनीने माणसं कमी केली, व्हिसा खलास, सामान बांधायला काढलं. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी बाजारात चालले होते, तर टेलिफोन ऑफिसात परदेशी कॉलच्या रांगेत सर उभे दिसले. ऑफिसातून मधेच उठून आलेले. मी आत गेले. सर कधी नव्हे इतके खुशीत होते.

"मुंबईला लावतोय, टीचर. जिमखान्याला. रिकामी जागा मंदाला द्या म्हणतो. आणि हे बघा, मागच्या लीव्हमध्ये मी वांद्र्याला जाऊन आलो. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांचं होस्टेल आहे, कॉलेजच्या तलावाजवळच. मुलीसाठी एक खाट ठेवतील म्हणाल्या. 'राहणार कुठे' म्हणून आता कोणी अडवू शकत नाही."

गावडे रजेवरून परत आले होते ते त्या महिन्याच्या सुरुवातीला. बसमध्ये त्यांनी मला सांगितलं होतं. सरांना सांगितलं नव्हतं. "तेंका कसा सांगू टीचर, वायट वाटात तेंका," असं म्हणाले होते. म्हणजे ते माझ्यावरच आलं होतं.

"सर," मी म्हणाले, "मंदाचं लग्न झालं. देवगडला दिली."

मागच्या माणसाने "भाई, आगे" म्हटलं, तेव्हा सर भानावर आले.

"मुलगा चांगला आहे?"

"चांगला आहे म्हणतात. दुकान आहे."

"बरं झालं," सर म्हणाले. मी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, चला सर, घरी चला, चहा टाकते. उद्या मी जाणार, परत कोण देणार तुम्हाला चहा? तर त्यांनी हळूच हात सोडवून घेतला.

"तुम्ही व्हा पुढे, टीचर. सिस्टरांनी खाट ठेवलीय. कुणाची तरी पोरगी असेलच."

पुढचा माणूस बूथमध्ये गेला आणि सर रांगेत एक पाऊल पुढे सरकले.